थकवा कोणाचा आणि दारुडा कोण? प्राणीसेवेतल्या माणसांच्या मनाचा प्रश्न

आमच्या वस्तीत एक काका राहतात. पोरं त्यांना तोंडावर 'कुत्रेवाले काका' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखे नाही. महापालिकेच्या कुत्र्यांच्या गाडीवर ते अकरा वर्षे काम करीत आहेत. महापालिकेच्या म्हणजे ठेकेदाराच्या. सकाळी सहाला गाडीवर चढायचे, जाळे टाकून कुत्री पकडायची, निर्बीजीकरण केंद्रात पोहोचवायची. दुपारनंतर पिंजरे धुवायचे, ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांना खाऊ घालायचे, आणि रात्रीतून एखादे मेले असेल तर तेही उचलायचे.

गेल्या पावसाळ्यात त्या केंद्रात डिस्टेंपरची साथ आली. पिल्ले झटके देऊन देऊन मरू लागली. तिथे कॉलनीतली एक स्वयंसेविका येत असे. शिकलेली, मनापासून काम करणारी मुलगी. पिल्लांना ती बाटलीने दूध पाजायची. साथीच्या चौथ्या दिवशी ती पिंजऱ्यासमोर खाली बसली आणि हमसून हमसून रडली. केंद्र चालवणाऱ्या संस्थेने तिला समजून घेतले, आठवडाभर येऊ नकोस म्हणून सांगितले, समुपदेशकाचा नंबर दिला. योग्यच केले.

त्याच आठवड्यात काका दोन दिवस कामावर गेले नाहीत. मुकादमाने हजेरी कापली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पिऊन पडला असेल." खरी गोष्ट अशी की त्या दोन दिवसांत काका प्यायलेच नव्हते. ते नाल्याच्या कठड्यावर नुसते बसून होते. मेलेली पिल्ले गोणीत भरून खड्ड्यापर्यंत नेणारे हात त्यांचेच होते.

आणि आम्हाला हेही कबूल केले पाहिजे की, ते कामावर गेले नाहीत हे कळल्यावर आम्हीसुद्धा पहिल्यांदा तेच म्हणालो होतो.

हा लेख त्या कबुलीतून लिहिला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: प्राण्यांची सेवा करणाऱ्या माणसांचे मन थकते, मोडते, हे आता सगळे मान्य करू लागले आहेत. पण या देशात दुःखालाही उतरंड आहे. वरच्या पायरीवरचा माणूस खचला तर त्याला 'बर्नआउट' म्हणतात आणि सुट्टी देतात. खालच्या पायरीवरचा खचला तर त्याला दारुडा म्हणतात आणि हजेरी कापतात. ही उतरंड मोडल्याशिवाय प्राणीसेवकांच्या मानसिक आरोग्यावरची सगळी चर्चा अर्धवट राहील.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. 'करुणेचा थकवा' ही कल्पना अमेरिकेत १९९२ च्या सुमारास परिचारिकांच्या संदर्भात पुढे आली. चार्ल्स फिग्ली या मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये त्यावर पुस्तक काढले. दुसऱ्याच्या वेदनेशी रोज संबंध येणाऱ्या माणसाच्या आत ती वेदना साचत जाते. झोप उडते, चिडचिड वाढते, जेवण जात नाही, शेवटी काहीच वाटेनासे होते. प्राण्यांच्या कामात याला आणखी एक धार आहे. ज्याला वाचवायचे म्हणून हातात घेतले, त्यालाच कधीकधी वेदनेतून सोडवण्यासाठी मरणाचे इंजेक्शन द्यावे लागते. बर्नार्ड रोलिन या तत्त्वज्ञाने या ताणाला नैतिक ताण म्हटले. विश्रांती घेऊन तो जात नाही, कारण तो अंगाचा शीण नाही, तो मनातला वाद आहे.

हे नाजूक मनाच्या लोकांचे चोचले नव्हेत. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पशुवैद्यक पुरुषांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सुमारे २.१ पट आणि स्त्रियांमध्ये सुमारे ३.५ पट आढळले. हे झाले डॉक्टरांचे, म्हणजे ज्यांच्या हातात पदवी आहे, निर्णय आहे, पगार आहे त्यांचे. ज्याच्या हातात फक्त पाय धरून ठेवायचे काम आहे, त्याचे काय होत असेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणच्या ज्या ताणाचे नीट व्यवस्थापन झाले नाही त्याचा हा परिणाम आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर, दोष माणसाच्या मनात शोधू नका, कामाच्या जागेत शोधा. मुकादमाने नेमके उलटे केले होते.

आता कायद्याकडे या. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे नियम आपल्याकडे २००१ साली आले. त्यांच्या जागी २०२३ साली नवे आले. २००१ च्या नियमांत एक कलम होते. असाध्य आजारी किंवा मरणासन्न जखमी कुत्र्याला वेदनारहित मरण देताना ते दुसऱ्या कुत्र्यासमोर देऊ नये. किती बारीक विचार आहे पाहा! दुसऱ्या कुत्र्याला ते पाहावे लागू नये. त्याच नियमांत पुढे असेही होते की, मरण देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने विल्हेवाटीआधी जनावर खरोखर मेले आहे याची खात्री करावी. म्हणजे पाहणाऱ्या कुत्र्याच्या मनाची काळजी नियमाने घेतली. छातीवर हात ठेवून धडधड थांबली का हे तपासणाऱ्या माणसाच्या आत काय होते, हा प्रश्न नियमाला पडला नाही. कुत्र्याला आडोसा दिला याबद्दल आमची तक्रार नाही. माणसाला तो का मिळाला नाही, एवढेच आम्ही विचारतो.

हा विसर योगायोगाने पडलेला नाही. मेलेले जनावर कोणी उचलायचे, हे या देशाने शतकानुशतके जन्मावरून ठरवले होते. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले, मेलेली जनावरे ओढणे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा. त्यावर 'केसरी'त पत्रे आली. शिंगांचे इतके, हाडांचे इतके, कातड्याचे इतके, असा हिशेब मांडून हे लोक स्वतःचे नुकसान करून घेत आहेत असा कळवळा त्यात दाखवला गेला. बाबासाहेबांनी त्याला चोख उत्तर दिले, आणि १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या भाषणात त्याची आठवणही काढली. फायदा एवढा दिसतो तर तुम्हीच ओढा की! प्रश्न फायद्याचा नव्हता, इज्जतीचा होता.

आमच्या बापजाद्यांनी गावचे ते काम सोडले. पण ते काम संपले का? शहरात त्याने फक्त नाव बदलले. ते 'टेंडर' झाले. टेंडरमध्ये जात लिहिलेली नसते. गाडीवर चढणाऱ्यांची आडनावे मात्र वाचून पाहा. निर्णय घेणारा डॉक्टर एका वर्गातला, निधी आणणारी संस्था एका वर्गातली, आणि जाळे, झाडू, गोणी हातात घेणारा बहुतेक वेळा आपल्यातला. ज्याच्या कामाला समाज सेवा म्हणतो त्याच्या दुःखाला करुणा म्हणतो. ज्याच्या कामाला समाज घाण म्हणतो त्याच्या दुःखालाही घाणच समजतो.

आता आपल्याच घरातल्या आक्षेपांकडे येऊ, कारण हा लेख आपल्याच तरुणांसाठी आहे.

पहिला आक्षेप: "आधी माणसांचे बघा, मग कुत्र्यांचे." या म्हणण्यामागचा राग आम्हाला कळतो. कुत्र्याला बिस्किट आणि मोलकरणीला वेगळा कप, हे दृश्य आम्ही पाहिले आहे. २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात फोडून काढले गेले, तेही आम्ही विसरलेलो नाही. जनावराचे नाव घेऊन माणसाला मारणारी ही करुणा ढोंगी आहे, यात वाद नाही. पण तो राग काकांवर काढून काय मिळते? काका माणूसच आहेत. आम्ही त्यांच्याबद्दल बोलतो तेव्हा माणसांचेच बघतो आहोत.

दुसरा आक्षेप: "वस्तीतल्या पोरांना कुत्री चावतात त्याचे काय?" खरे आहे. कुत्रे चावते ते गाडीतून फिरणाऱ्याला कमी आणि पहाटे पायी कामाला जाणाऱ्या बाईला जास्त. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण म्हणूनच हा प्रश्न आपला आहे. कुत्र्याला लस टोचली जाते, त्याचे निर्बीजीकरण होते, ते काकांसारख्यांच्या हातून. ज्याला झोप नाही, ज्याच्या बोटाची जखम भरलेली नाही, ज्याला घरी-दारी शिव्या आहेत, त्याचे जाळे चुकणार, लस हुकणार, कुत्रे बिथरणार. त्याचे मन सांभाळणे म्हणजे वस्तीतली पोरे सांभाळणे आहे.

२०२५ मध्ये हा माणूस कोणत्या कचाट्यात सापडला तेही पाहा. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून, रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळता बाकीची मूळ जागी सोडा असे सांगितले. न्यायालयात वकील दोन्ही बाजूंनी बोलले, टीव्हीवर पाहुणे दोन्ही बाजूंनी भांडले. पण रस्त्यावर दोन्ही बाजूंचा राग झेलायला गाडीवरचा माणूसच होता. आमच्या शहरातही तोच ताप. पकडायला गेले की एक जण मोबाईल काढून व्हिडिओ करतो, 'कसाई' म्हणतो. सोडायला गेले की दुसरा गाडी अडवतो, 'इथे कशाला आणले' म्हणून अंगावर येतो. काका म्हणाले, "पकडलं तरी शिवी, सोडलं तरी शिवी. कुत्रं तरी बरं, ते एकाच कारणासाठी चावतं."

आता स्वयंसेवकांबद्दल. हे काम करणारे सगळेच कॉलनीतले असतात असा आपला गैरसमज आहे. रेल्वेच्या रुळाकडेला स्वतःच्या भाकरीतला तुकडा मोडून घालणाऱ्या आजी, कचरा वेचताना मागे चार कुत्री फिरणाऱ्या ताई, आणि आपल्या वस्तीतली ती कॉलेजची मुलगी, जी अपघातात सापडलेले कुत्रे रिक्षात घालून दवाखान्यात नेते आणि घरी बोलणी खाते, ह्याही स्वयंसेविकाच आहेत. त्यांना संस्था नाही, समुपदेशक नाही. रात्री दोनला फोन येतो, उपचाराची उधारी अंगावर बसते, कुत्रे मेले तर गल्लीत हसू होते: "कुत्र्यासाठी रडते!" आपल्या माणसांना दुःख करायलाही परवानगी काढावी लागते, आणि ती नाकारणारे कधीकधी आपणच असतो.

त्यांना आम्ही धम्मातला एक शब्द सांगू इच्छितो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत फरक केला. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही त्यांनी फरक केला. ज्याच्या हातून असाध्य जनावराला शेवटचे इंजेक्शन गेले आहे, त्याने हा फरक मनाशी घट्ट धरावा. तिथे इच्छा नव्हती, गरज होती. तो अपराधी नाही.

आणि तिसरा शब्द उपेक्खा. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष; धम्मातली उपेक्खा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. काम पूर्ण मनाने करायचे, पण निकालाला स्वतःला बांधून घ्यायचे नाही. सगळी कुत्री आपण वाचवू शकत नाही. आजचे तीन फोन घेतले, चौथा दुसऱ्याकडे दिला, यात पाप नाही. एकट्याने उधारी करू नका, एकट्याने रात्री जाऊ नका, फोन घेण्याच्या पाळ्या लावा. जखमी जनावरांचे व्हिडिओ झोपण्यापूर्वी पाहू नका आणि इतरांना पाठवू नका. हे निष्ठुरपण नव्हे, उद्या पुन्हा उभे राहण्याची तयारी आहे.

पण इथे सावध राहायला हवे. कामगाराला नुसता धम्म सांगून, ध्यान शिकवून भागत नाही. 'श्वास घ्या, शांत व्हा' हे ज्याची हजेरी कापली आहे त्याला सांगणे ही थट्टा आहे. त्याच्या मनाचे पहिले औषध वेतनाच्या चिठ्ठीत आहे. म्हणून आम्ही या मागण्या मांडतो.

एक. गाडीवरच्या आणि केंद्रातल्या प्रत्येक कामगाराला रेबीजची प्रतिबंधक लस कामावर घेण्याआधी मिळाली पाहिजे. आधी लस घेतलेल्या माणसाला कुत्रे चावल्यावर दोनच डोस पुरतात, पहिला त्याच दिवशी आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी, आणि सीरम लागत नाही. प्रत्येक चाव्यानंतर 'आता मी मरतो की काय' या भीतीत रात्र काढावी लागणे, हाही मानसिक छळ आहे, आणि तो टाळता येतो.

दोन. आठवड्याची पगारी सुट्टी, हातमोजे, बूट, पीएफ, ईएसआय. ज्या दिवशी मरण जवळून पाहावे लागले, त्याच्या दुसऱ्या दिवशी हलके काम किंवा पगारी रजा. मेलेली जनावरे उचलण्याचे काम रोज एकाच माणसाच्या गळ्यात नको; पाळी लागली पाहिजे, आणि त्या पाळीत आडनाव पाहिले जाऊ नये.

तीन. आठवड्यातून एकदा, कामाच्या वेळेत, अर्धा तास एकत्र बसणे. डॉक्टर, कामगार, स्वयंसेवक सगळे एकाच सतरंजीवर. मुकादम बाहेर. काय झाले, कोणाला काय वाटले, एवढेच बोलायचे. बोललेले बाहेर जाणार नाही, हजेरीत धरले जाणार नाही.

चार. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये आला. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्यात हक्क आहे, आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही असे स्पष्ट लिहिले आहे. २०२२ पासून टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक गाडीच्या दारावर आणि केंद्राच्या भिंतीवर रंगवून घ्या. ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो त्याला एकटे सोडू नका, फोन लावून त्याच्या शेजारी बसा. दारू सुटत नसेल तर त्याला व्यसनमुक्तीसाठी सोबत घेऊन जा, भाषण देऊ नका.

पाच. संघटना. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायांना पहिल्यांदा ओळखपत्र मिळाले, आणि त्याबरोबर ताठ मानेने रस्त्यावर चालण्याचे बळ मिळाले. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि २०१७ मध्ये त्यांना कायम करण्याचा निकाल मिळवला. ज्याच्या मागे संघटना आहे त्याला मुकादम 'पिऊन पडला' म्हणताना दहादा विचार करतो. एकटेपणावर इतका जालीम उपाय दुसरा आम्हाला माहीत नाही.

हे झाले सरकारचे आणि संस्थांचे. आपले काय? १४ एप्रिलला आपण अधिकाऱ्यांचे सत्कार करतो, दहावी-बारावीच्या मुलांचे करतो, केलेच पाहिजेत. पण कुत्र्यांच्या गाडीवरच्या माणसाला आपण कधी व्यासपीठावर बोलावले आहे का? विहारात कधी त्याला विचारले आहे का, की बाबा, दिवस कसा जातो? 'हे काम सोड' असे सांगणे सोपे आहे. सोडून कुठे जाऊ, याचे उत्तर आपल्याकडे असेल तर जरूर सांगावे. त्याच्या मुलांनी ते काम करू नये म्हणून शिकवावे, झगडावे. पण तोवर जो ते करतो आहे त्याची मान खाली जाईल असे निदान आपण वागू नये.

राजगृहातले १९३४ सालचे एक छायाचित्र आपल्या अनेकांच्या घरात आहे. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्रा. आम्ही ते छायाचित्र कितीदा पाहिले, पण त्या कुत्र्याकडे नजर गेली नव्हती. परवा ते काकांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "बाबासाहेबांकडं पण होतं व्हय?" त्या प्रश्नात अकरा वर्षांची लाज होती आणि ती थोडी सैल झाली होती.

पुढच्या रविवारी आमच्या विहारात त्या गाडीवरचे सात कामगार बसणार आहेत. भाषणे नाहीत. चहा आहे, आणि ऐकायला आम्ही आहोत. तुमच्या शहरातही अशी गाडी आहे. तिच्यावरचा माणूस कोण आहे, ते शोधा.

जय भीम!